कॅगला (म्हणजे सरकारचा हिशोब तपासणारे नियंत्रक व महालेखापरीक्षक) पदावरनं काढता येतं का?

सातारकर: राजवाड्याजवळच्या अभ्यासिकेत काल वाद झाला, एकजण म्हणतोय सरकारला नको झालं की कॅगला घरी पाठवतात. खरंय का?

विश्रामबागकर: नाही हो. राज्यघटनेचं कलम १४८ बघा, सुप्रीम कोर्टाच्या जजला जसं काढतात तसंच आणि त्याच कारणांवरनं, म्हणजे गैरवर्तन किंवा असमर्थता सिद्ध व्हायला लागते, मग दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं बहुमत प्लस हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश, मगच राष्ट्रपतींचा आदेश. सरकारचाच हिशोब तपासणारा माणूस सरकारच्या मर्जीवर असून कसं चालंल?

कराडकर: मुदत ६ वर्षं किंवा वय ६५, जे आधी होईल ते. आणि नंतर केंद्राचं, राज्याचं कुठलंच पद घेता येत नाही, मला तर हेच जास्त महत्त्वाचं वाटतं.