मागचा प्लॉट: सोसायटी ग्रुप, शुक्रवार रात्र

सावंत (बी-४०३): मागच्या प्लॉटवर आज पालिकेची माणसं टेप घेऊन फिरत होती. वॉचमनने विचारलं तर म्हणे बेघर निवारा होणार, आणि यंदाच्या पावसाळ्यापुरती आधी पत्र्याची शेड. सेक्रेटरी, तुम्हाला माहीत होतं का? की आम्ही सगळं वॉचमनकडूनच ऐकायचं?

मनोज सेक्रेटरी: साहेब, मलाही संध्याकाळीच कळलं. लेखी काही आलेलं नाही. कृपया अफवा नकोत 🙏

नाडकर्णी काका (ए-१०२): २०३४ च्या विकास आराखड्यात त्या प्लॉटवर बेघर निवाऱ्याचं आरक्षण आहे. २०१६ साली हरकती-सूचना मागवल्या होत्या. मी नोटीस बोर्डावर नकाशा लावला होता. कोणी वाचला नाही.

पिंट्या (डी-३०१): काका, त्याच्यावर दुसऱ्याच दिवशी गरबा क्लासचं पोस्टर लागलं होतं 😄

सावंत: आरक्षण तर अख्ख्या मुंबईवर आहे हो. होतं का कधी काही?

शैला काकू (ए-२०४): माझी नात त्याच गल्लीतून क्लासहून येते, रात्री आठ वाजता. विरोध म्हणून नाही म्हणत, पण काळजी वाटते.

जोशी (डी-५०२): काकू, ती माणसं आत्ताही तिथून शंभर पावलांवर पुलाखालीच झोपतात की.

सावंत: पुलाखाली वेगळं.

प्राची (सी-६०१): वेगळं कसं, ते सांगा ना.

सावंत: मॅडम, आज पन्नास येतील, उद्या पाचशे. एकदा बसले की उठत नाहीत. कोण कुठले, कागदपत्रं तरी आहेत का?

प्राची: निवारा म्हणजे झोपडपट्टी नव्हे. २०१० पासून सुप्रीम कोर्ट सांगतंय, लाख लोकसंख्येमागे एक निवारा, बारा महिने, २४ तास उघडा. २०११ ला मुंबई १ कोटी २४ लाखांची होती, म्हणजे सव्वाशेच्या आसपास हवेत. आपण त्याच्या जवळपासही नाही. त्याच जनगणनेत शहरात ५७ हजारांवर बेघर मोजले, सुटले ते वेगळे. केंद्राच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने घालून दिलेल्या नियमात माणशी ५० चौरस फूट, संडास-बाथरूम, काळजीवाहक, सगळं आहे. मागचा प्लॉट जेमतेम साडेपाच हजार फुटांचा. पाचशे माणसं कुठे झोपणार, गच्चीवर? आणि कागदपत्रं नसली तर आधार, रेशन कार्ड काढून द्यायला मदत करणं हे निवाऱ्याचंच काम आहे.

पिंट्या: माणशी ५० फूट? बिल्डरने मला किचन तेवढंच दिलंय 😭

देसाई (ए-७०१): विषय निघालाच आहे तर ए विंगला सकाळी सातनंतर पाणी नसतं, त्याचं काय?

मनोज सेक्रेटरी: पाण्याचा वेगळा ग्रुप आहे देसाई.

देसाई: तिथे तुम्ही उत्तर देत नाही, म्हणून इथे लिहितोय.

सावंत: आधी थकबाकी भरा, मग पाणी मागा.

देसाई: माझी थकबाकी कोर्टात आहे. तुमची दुसरी गाडी कुठे असते ते मी ग्रुपवर लिहू का?

नाडकर्णी काका: २०३४ च्या विकास आराखड्यात त्या प्लॉटवर बेघर निवाऱ्याचं आरक्षण आहे. २०१६ साली हरकती-सूचना मागवल्या होत्या.

शैला काकू: माझी लेक अमेरिकेत सॅन दिएगोला आहे ना, तिथे २०२३ पासून पालिकेनेच जागा दिली. बालबोआ पार्कजवळच्या पार्किंगमध्ये रांगेने तंबू, टॉयलेट, सिक्युरिटी. ती म्हणते छान सोय केलीय.

पिंट्या: पार्किंगमध्ये! सावंत साहेब, वाचताय ना?

सावंत: गाडीचा इथे काय संबंध? इतकी वर्षं तो प्लॉट आम्ही साफ ठेवला, नाहीतर डेब्रिजचा डोंगर झाला असता.

जोशी: 'आम्ही' म्हणजे सात गाडीवाले. झाडतो वॉचमन, पगार सोसायटी देते.

प्राची: काकू, लेकीने अर्धंच सांगितलं. त्याच वर्षी तिथे उघड्यावर मुक्काम करायला बंदी घालणारा पालिकेचा कायदा ५ विरुद्ध ४ मतांनी पास झाला. म्हणजे तंबू दाखवायचे आणि बाहेर झोपलेल्याला पोलिसांनी उठवायचं. मला इथेही तेच दिसतंय. पावसाळ्यापुरती म्हणून उभी केलेली शेड दहा वर्षं शेडच राहते, उन्हाळ्यात आत भट्टी. दिल्लीत थंडीत तंबू लावतात ते ठीक, आपल्याकडे पक्कं छप्परच हवं. शेडला मीही हरकत घेणार आहे.

सावंत: बघा, मॅडमसुद्धा हरकत घेतायत. सगळ्यांनी उद्या सह्या करा. 👍

प्राची: माझं वाक्य अर्ध्यात तोडू नका. पत्र 'शेड नको, पक्का निवारा बांधा' असं जाणार असेल तरच माझी सही.

जोशी: मग माझीही.

शैला काकू: गल्लीत दिवे आणि रात्रीची गस्त लिहा. बायका-मुलांची सोय वेगळी असेल ना? तसं असेल तर मी करीन सही.

मनोज सेक्रेटरी: रविवारी सकाळी ११ वाजता गच्चीवर मीटिंग. दिवे, गस्त, पक्कं बांधकाम, बायका-मुलांची वेगळी सोय, निवारा कोणती संस्था चालवणार त्याची माहिती. एवढं पत्रात घेतो. निवाराच नको असं लिहिलं तर आरक्षण दाखवून आपल्याला परत पाठवतील.

नाडकर्णी काका: २०३४ च्या विकास आराखड्यात त्या प्लॉटवर

नाडकर्णी काका: चुकून अर्धंच गेलं. पूर्ण टाकतो.

पिंट्या: नको काका, पाठ झालंय 🙏

सावंत: ठीक आहे. मेजॉरिटीपुढे काय बोलणार. फक्त पत्रात एक ओळ घाला, तिथली वाहनं हलवायला दिवाळीपर्यंत मुदत मिळावी.

मनोज सेक्रेटरी: साहेब, पालिकेच्या प्लॉटवर आपल्या गाड्या उभ्या असतात हे आपणच लेटरहेडवर लिहून द्यायचं का?