उपकेंद्रात नैराश्य आणि दारूविषयीच्या प्रश्नावल्या कशा वापराव्यात?

प्रश्न: समुदाय आरोग्य अधिकारी, सातारा जिल्हा

नमस्कार. आमच्या गावात तीस वर्षांवरील प्रत्येकाचा, दीर्घकालीन आजारांचा धोका तपासणारा सीबॅक फॉर्म आशाताई भरतात. त्यात गेल्या दोन आठवड्यांतील मनःस्थितीविषयी दोन प्रश्न आहेत. दारूविषयी मात्र ‘रोज पिता का’ एवढाच एक. केवळ बाजाराच्या दिवशी, पण बेसुमार पिणारे पुरुष त्याला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात आणि यादीतून सुटतात. म्हणून नैराश्यासाठी पीएचक्यू-९ आणि दारूसाठी ऑडिट या प्रश्नावल्या वापरण्याचा विचार आहे. त्यांच्या गुणांवर किती विसंबावे आणि गुण जास्त आले तर पुढे काय करावे, हे कृपया सांगावे.

उत्तर: मनोविकारतज्ज्ञ, पुणे

पीएचक्यू-९ मध्ये २७ पैकी १० आणि ऑडिटमध्ये ४० पैकी ८ गुणांपासून पुढे लक्ष घालावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. परंतु हा आकडा म्हणजे निदान नव्हे. समजा, हजार लोकांपैकी ६० जणांना खरोखर नैराश्य आहे आणि प्रश्नावली आजारी व निरोगी अशा दोन्ही गटांतील ८५ टक्के लोकांना बरोबर ओळखते. मग ६० पैकी ५१ जण सापडतील, पण उरलेल्या ९४० पैकी १४१ निरोगी माणसांवरही खूण पडेल. म्हणजे खूण पडलेल्या १९२ जणांत खरे रुग्ण जेमतेम चौथा हिस्सा. झोप, भूक आणि थकवा यांविषयीच्या प्रश्नांचे गुण रक्तक्षयात किंवा थायरॉईडच्या विकारातही वाढतात, त्यामुळे कार्डावर ‘नैराश्य’ लिहिण्यापूर्वी त्या तपासण्या आणि निवांत मुलाखत व्हायलाच हवी.

पीएचक्यू-९ मधील नवव्या प्रश्नाची गोष्ट वेगळी. मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात, असे उत्तर मिळाले, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच बैठकीत त्याविषयी बोलावे आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर तेथूनच फोन लावून द्यावा.

उत्तर: समुपदेशक, गोवा

ऑडिट भरताना खरी चूक मोजमापात होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या या प्रश्नावलीत एक पेग म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडे माणूस ‘एकच क्वार्टर’ म्हणतो आणि फॉर्म भरणारा ‘एक’वर खूण करतो. प्रत्यक्षात ४२.८ टक्क्यांच्या १८० मिलिलिटर क्वार्टरमध्ये असे सहा पेग असतात, आणि आठ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर बीअरमध्ये चार. ‘पिण्याच्या दिवशी किती पेग घेता’ या दुसऱ्या प्रश्नाला शून्याऐवजी दोन गुण पडायला हवेत, आणि ‘एका बैठकीत सहा किंवा अधिक’ या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर पूर्णच बदलते. म्हणून कोणती दारू, केवढी बाटली, किती जणांत वाटून, हे विचारून पेग आपणच मोजावेत. हातभट्टीची तीव्रता ठरलेली नसल्याने तेथे अंदाजावरच भागवावे लागते.

उपचारासाठी प्रत्येक वेळी तज्ज्ञच लागतो असे नाही. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत ऑडिटमध्ये १२ ते १९ गुण असलेल्या पुरुषांना प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांनी थोड्याच बैठका दिल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी ३६ टक्के पुरुषांचे गुण आठच्या खाली आले होते, तर नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. प्रश्न विचारताना सासू किंवा पत्नी शेजारी बसलेली असते. तेव्हा काय करावे?

उत्तर: मानसोपचार समाजसेविका, नाशिक

ताई, अशा वेळी प्रश्नावली उघडूच नये. रक्तदाब तपासण्याच्या निमित्ताने उपकेंद्रात एकट्याला बोलवावे आणि माहिती घरी सांगितली जाणार नाही, हे आधी स्पष्ट करावे. स्त्रियांनाही दारूविषयी अवश्य विचारावे. लाजेपोटी आपणच तो प्रश्न गाळतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे आणि ते मला फार खटकते.

ऑडिटचे गुण २० किंवा त्याहून अधिक असतील, तर ‘आजपासून बंद करा’ असे मात्र सांगू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू सोडली, तर आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जातो. त्याला जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात पाठवा, आणि तो तेथे पोहोचला का, याची खात्री आशाताईंकडून करून घ्या.