वारुळावरच्या सात्या : नमुना कसा घ्यावा, जागा कशी जपावी?

प्रश्न : नागपूरच्या आसपास पावसाळ्यात वारुळांवर येणाऱ्या सात्यांची (वाळवीच्या वारुळावर उगवणाऱ्या अळंब्यांची) नोंद ठेवायची आहे. नमुना कसा काढावा, वाळवावा कसा?

उत्तर १ : भाऊ, आधी जागेवरच फोटो घ्या: टोपी, खालच्या पात्या, देठ, वारूळ. मग एकच नमुना काढा. देठाची मुळासारखी शेपटी खोल, वाळवीनं पोसलेल्या बुरशीच्या बागेपर्यंत जाते. ती पाहायला खणत गेलात की बाग फुटते. जमिनीलगत कापा. वारुळात वाळवीचं औषध तर अजिबात नको. वाळवी गेली की सात्याही गेल्या.

उत्तर २ : आणायला कागदी पिशवी घ्या, प्लास्टिकमध्ये नमुना घामेजून सडतो. बीजाणूंचा (अळंबीच्या बियांसारख्या बारीक भुकटीचा) ठसा घ्याच, ओळखायला रंग कामी येतो. टोपी कागदावर पात्या खाली करून ठेवा, वर वाटी पालथी घाला, रात्रभर राहू द्या. सात्यांचा ठसा फिकट गुलाबी येतो. हिरवट आला तर हिरवळीवर उगवणारी क्लोरोफायलम ही विषारी अळंबी असू शकते. पण गुलाबी ठसा म्हणजे खायला चालेल असं नाही, काही विषारी जातींचाही तोच रंग असतो. वाळवताना ४०-४५ अंश पुरे. जास्त तापवलं तर नमुना शिजतो. कुरकुरीत झाल्यावर लगेच ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत हवाबंद ठेवा.

उत्तर ३ : नेमकी जागा उघड करू नका, ही कळकळीची विनंती. इटलीच्या सिसिली बेटावर मादोनी डोंगरात प्ल्यूरोटस नेब्रोडेन्सिस ही पांढरी बुरशी चवीपायी इतकी खुडली गेली की ती अतिसंकटग्रस्त ठरली. तिची निदान लागवड तरी होते. सात्यांना वाळवीच लागते.