मदत हवी: ट्रॉमा खरंच मुलांमध्ये उतरतो का? (रेचल येहुदा यांचं संशोधन)

नमस्कार मंडळी, थोडं लांबेल पण प्लीज वाचा, जेनेटिक्स किंवा सायकियाट्री खरंच कळणाऱ्या कुणाशी तरी बोलायचंय.

माझ्या ताईला मोठ्या अपघातानंतर पीटीएसडी (भयंकर अनुभवानंतर मनात राहून जाणारा त्रास) झालाय. थेरपी चालू आहे, झोप बरीच सुधारलीय, ती आणि भावोजी बाळाचा विचार करत होते आणि मधेच तिने कुठेतरी वाचलं की ट्रॉमा डीएनएतून मुलांत जातो. झालं, आता म्हणते मला मूलच नको, माझी भीती त्याच्या अंगात कशाला घालू. चिडून नाही, अगदी शांतपणे म्हणते, आणि तेच मला जास्त लागतं.

ती बातमी न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय मेडिकल कॉलेजमधल्या संशोधक रेचल येहुदा यांच्या कामावर होती, म्हणून मी पेपर शोधून वाचायला घेतला. २०१६ चा आहे. होलोकॉस्टमधून (नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून) वाचलेले ३२ जण आणि त्यांची मोठी झालेली २२ मुलं, त्यांच्या रक्तात एफकेबीपी५ या जीनवरचं मिथिलेशन (डीएनएवर बसणाऱ्या रासायनिक खुणा, ज्यांनी जीनचं काम कमीजास्त होतं) तपासलं. कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनचा रिसेप्टर (पेशीतला ते हार्मोन पकडणारा भाग) किती संवेदनशील राहणार यात या जीनचा हात असतो म्हणे. आता बघा, आईवडिलांमध्ये मिथिलेशन कंट्रोल गटापेक्षा, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या लोकांपेक्षा, १०% जास्त निघालं आणि मुलांमध्ये त्यांच्या कंट्रोलपेक्षा ७.७% कमी, म्हणजे उलट्या दिशेला! मग "जसंच्या तसं उतरलं" असं कसं म्हणायचं? शिवाय कंट्रोलमध्ये फक्त ८ पालक आणि ९ मुलं. एवढ्याशा आकड्यांवर कुणी आई व्हायचं नाही असं ठरवावं का, मला हे सहनच होत नाहीये.

पण त्यांचा २००५ चा दुसरा पेपर वाचून मात्र मी पण घाबरले. न्यूयॉर्कवरच्या ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या वेळी गरोदर असलेल्या आणि तो हल्ला जवळून अनुभवलेल्या ३८ बायका, त्यातल्या ज्यांना पीटीएसडी झाला त्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल कमी आणि त्यांच्या तान्ह्या बाळांच्या लाळेतही कमी. ताणात कॉर्टिसॉल वाढतं असंच आपण ऐकलेलं असतं ना, इथे कमी का? आणि हे ताईला लागू होतं का? तिचा अपघात तर बाळाच्या आधीचा आहे.

प्रतिसाद

मी मॉलिक्युलर बायॉलॉजीत काम करतो. तुम्ही पेपर नीट वाचलाय, आकड्यांबद्दलची शंका रास्त आहे आणि ती अनेक शास्त्रज्ञांनीही घेतली होती. कमी कॉर्टिसॉलचं म्हणाल तर येहुदांच्या टीमला ते १९९० मध्येच व्हिएतनाम युद्धातून आलेल्या पीटीएसडीच्या पेशंट्समध्ये दिसलं होतं. त्यांचं म्हणणं असं की रिसेप्टर जास्त संवेदनशील झाल्यामुळे थोड्याच कॉर्टिसॉलवर मेंदूला "पुरे" असा संदेश जातो आणि पातळी खालीच राहते. सगळ्यांच्या अभ्यासात ते सापडत नाही हेही खरं.

आता ताईंचं. ११ सप्टेंबरच्या बायका त्या वेळी गरोदर होत्या, ही मोठी गोष्ट आहे; ताईंचा अपघात बाळाच्या आधीचा, त्यामुळे तो निष्कर्ष त्यांना थेट लावता येत नाही. आणि बाळाच्या लाळेत कॉर्टिसॉल कमी म्हणजे बाळाला आजार, असं तो पेपर म्हणत नाही. शिवाय मिथिलेशन म्हणजे दगडावरची रेघ नाही. २००४ मध्ये कॅनडातले संशोधक मायकेल मीनी यांच्या लॅबने दाखवलं की पिल्लांना कमी चाटणाऱ्या उंदीर-आईची पिल्लं जास्त चाटणाऱ्या आईकडे वाढवली तर त्यांचं मिथिलेशन वाढवणाऱ्या आईप्रमाणे होतं. येहुदांच्याच २०१३ च्या छोट्या अभ्यासात थेरपीने बरे झालेल्या सैनिकांमध्ये एफकेबीपी५ च्या मिथिलेशनमध्ये बदल दिसला, हे ताईंना आधी सांगा. त्या घेतायत ती थेरपी हेच बाळासाठी सगळ्यात मोठं काम आहे.

मूळ धागाकर्ती

खूप खूप आभार, हे तिला आज रात्रीच वाचून दाखवते. एकच राहिलं, दिवस गेल्यावर थेरपी थांबवावी लागते का? तिला ती पण धास्ती आहे.

प्रतिसाद

नाही, बोलण्याची थेरपी चालू ठेवता येते, फक्त थेरपिस्टना आधी कल्पना द्या. गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नका, प्लॅनिंग करतानाच सायकियाट्रिस्ट आणि गायनॅक दोघांशी बोला. शक्य असेल तर भावोजींनाही सोबत न्या.