दोषी ठरवणारं मन आणि देवाची दया : तुमचे अनुभव लिहा

उपवासकाळात आपल्याकडे पापकबुलीवर भरपूर बोललं जातं. ईस्टर उलटला की विषय संपतो. काहींच्या डोक्यात मात्र तो वर्षभर चालू राहतो : देवाने मला टाकलंय, माझ्यासाठी क्षमा उरली नाही, मी प्रभूच्या मेजाला हात लावायच्या लायकीचा नाही. असं वाटणारी माणसं आपल्या मंडळ्यांत आहेत, पण साक्ष द्यायला उभी राहतात ती सगळं सुटलेली. म्हणून हा धागा. अर्धवट सुटलेलं, न सुटलेलंही लिहा. कॅथलिक, प्रॉटेस्टंट, कुणीही.

दोन विनंत्या. चर्चचं किंवा पाळकांचं नाव घेऊ नका. आणि कोणी दुखणं सांगितलं की खाली लगेच वचनांची माळ लावू नका. 'जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही' हे इथे सगळ्यांना पाठ आहे. पाठ असूनही ते आत का उतरत नाही, हाच प्रश्न आहे.

वसईची नात

माझ्या आजीचा धाकटा भाऊ विहिरीत सापडला. १९६० च्या आसपासची गोष्ट. तेव्हा चर्चचा १९१७ चा कायदा चालू होता आणि जाणूनबुजून जीव देणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी मिळत नसे. त्याला दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरलं. मिस्सा नाही, घंटा नाही.

२ नोव्हेंबरला आमच्याकडे सगळे थडग्यांवर मेणबत्त्या लावायला जातात. आजी घरच्या सगळ्यांच्या लावून झाल्या की एक मेणबत्ती पदराआड धरून भिंतीला वळसा घालून जायची. आम्हा मुलांना बरोबर येऊ द्यायची नाही. तो नरकात आहे हे ती धरूनच चालली होती. ती मेणबत्ती प्रार्थनेची नव्हती, नुसती ओळख ठेवायची.

१९८३ च्या नव्या कायद्यातून ती बंदी गेली. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात तर सरळच लिहिलंय की अशा माणसांच्या तारणाबद्दल आशा सोडू नये, देव आपल्यालाच ठाऊक असलेल्या वाटांनी त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो. हे आजीला कोणीही येऊन सांगितलं नाही! ती अंथरुणाला खिळल्यावर एक तरुण फादर कम्युनियन द्यायला घरी येऊ लागले, त्यांच्यापाशी विषय निघाला. आजीचा एकच मुद्दा होता : "त्याला माफी मागायला वेळ कुठे मिळाला, फादर?"

फादरांनी आर्सच्या संत जॉन व्हियानीबद्दलची गोष्ट सांगितली. एका बाईच्या नवऱ्याने पुलावरून उडी टाकली होती. व्हियानी तिला म्हणाले, पूल आणि पाणी यांच्यामध्ये त्याला पश्चात्तापाला वेळ मिळाला. आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमची विहीरपण खोल होती."

पुढच्या नोव्हेंबरात त्याच्या नावाने मिस्सा झाली. आजी खुर्चीवर बसून ऐकायला होती. मला विचाराल तर राग अजून गेलेला नाही. नियम बदलून दहा-बारा वर्षं झाली होती आणि ती म्हातारी जुन्याच शिक्षेत जगत होती.

पुणे, आयटी

माझं प्रकरण अक्षम्य पापाचं. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात आहे ना, पवित्र आत्म्याविरुद्धचं दुर्भाषण क्षमा होणार नाही. कॉलेजात असताना एका प्रार्थनासभेत माझ्या डोक्यात पवित्र आत्म्याबद्दल एक घाणेरडा शब्द आला. मला तो नको होता. नको म्हटल्यावर जास्त यायला लागला. मग 'प्रभू, क्षमा कर' सुरू झालं. बसमध्ये ओठ हलताना बघून शेजारचा माणूस सरकून बसायचा. संजीवन सभेत 'पुढे या' म्हटलं की मी पुढे, दर वेळी. कोणीतरी निदान केलं की हा दुष्ट आत्मा आहे, उपास करायला लावले. उपाशीपोटी शब्द दुप्पट.

शेवटी बहिणीने मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. ओसीडी, म्हणजे नको असलेला विचार आणि तो घालवायची कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार. गोळ्या सुरू झाल्या, आणि विचार आला की त्याला उत्तर द्यायचं नाही, माफीही मागायची नाही, याचा सराव. ख्रिस्ती माणसाला माफी मागू नकोस असं सांगणारी थेरपी! ते पचायला एका निवृत्त पाळकांची मदत झाली. ते म्हणाले, त्या वचनाच्या थोडं आधीपासून वाच. आंधळा-मुका माणूस डोळ्यांदेखत बरा झाला, तरी परूशी, म्हणजे तेव्हाचे कट्टर यहुदी धर्मपुढारी, म्हणाले की येशू हे बालजबूलच्या, भुतांच्या अधिपतीच्या, जोरावर करतो. त्यांना रात्री झोप लागत होती, तुला लागत नाहीये. आणि एका पापाची एकदाच कबुली द्यायची. परत मागितलीस तर ती क्षमा नाही, तू पावती मागतोयस.

नंतर वाचलं तेव्हा सोबत बरीच मोठी निघाली. प्रॉटेस्टंट सुधारणा सुरू करणारा मार्टिन ल्यूथर मठात असताना कधी कधी सहा-सहा तास पापनिवेदन करायचा. पुढे जेझुइट संघ काढणारा इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसाला याच छळाने जीव द्यायच्या विचारापर्यंत गेला होता. त्याला सांगितलं गेलं की जुनं पाप अगदी स्पष्ट असेल तरच परत कबूल कर. पण त्याला सगळीच पापं अगदी स्पष्ट दिसत होती! हे वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. बाहेरच्याला यात हसण्यासारखं काय ते कळणार नाही.

शब्द अजून येतो, कालही आला होता.

केडगावची पणती

माझी पणजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. १९०५ च्या जूनमध्ये तिथे जे संजीवन झालं त्याच्या गोष्टींवर आमचं घर पोसलेलं. मुली रात्र रात्र रडल्या, पापं कबूल केली, अंगात आग शिरल्यासारखं झालं. या गोष्टींचा नकळत एक नियम झाला : जो रडला त्याचं तारण झालं. मी रडले नाही, कधीच. शिबिरात डोळे चोळून पाहिले, उगाच खोटं कशाला बोला. बाकी मुली हुंदके देत असायच्या आणि मी मनात म्हणायचे, झालं, आपण कोरड्याच नरकात जाणार.

मग पंडिता रमाबाईंनी स्वतःबद्दल लिहिलेलं नीट वाचलं. बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडातल्या वाँटेजचा. पण त्या म्हणतात, ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. त्याला पुढे जवळजवळ आठ वर्षं गेली. त्या मधल्या काळात देवाने त्यांना टाकलं होतं असं म्हणायची कोणाची छाती आहे? तेव्हापासून मी माझ्या डोळ्यांकडे बघणं सोडलं.

मस्कतहून, नर्स

थोडक्यात लिहिते. बाळ पोटातच गेलं. जवळच्या नातेवाईक बाई म्हणाल्या, बाप्तिस्मा राहिला गं. माझ्या डोक्यात लिंबो, म्हणजे बाप्तिस्मा न झालेली बाळं स्वर्गाबाहेर जिथे राहतात असं पूर्वी शिकवत ती जागा. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मज्ञान आयोगाने यावर निवेदन काढलंय, फादरनी समजावून दिलं : अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे, पण खात्रीचं ज्ञान आहे असा दावा नाही. मला तेव्हा खात्री हवी होती. आशा म्हणजे कमीच वाटली. आता त्या बाईंशी बोलते, बाळाबद्दल नाही.

जालना

वरचं सगळं वाचून असं वाटतं की दोषी वाटणं म्हणजे आजार किंवा चुकीची शिकवण. माझ्या वडिलांचं तसं नव्हतं. ते दर रविवारी उपासनेला जात, पण प्रभुभोजनाला उठत नसत. 'अयोग्य प्रकारे' खाणाऱ्याबद्दल पौलाने जे लिहिलंय ते त्यांना छळायचं. आम्हाला वाटे, म्हातारे फार हळवे. कारण वेगळं होतं. आपल्याला भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, १९२५ चा. त्यात मुलगा-मुलगी सारखेच. वडिलांनी आत्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली होती, 'बँकेचं काम आहे' म्हणून.

पाळक त्यांना दर भेटीत दया, दया सांगत. शेवटी वडीलच म्हणाले, "साहेब, दया कळली. जमिनीचं काय?" बायबलमधला जकातदार जक्कय फसवून घेतलेलं चौपट देतो म्हणाला होता. वडिलांनी तिचा वाटा तेवढा परत करायचं ठरवलं. कागद घेऊन आत्याकडे गेलो. तिने कागद वाचलाच नाही, चहा टाकला, आणि वडिलांना विचारलं, साखर चालते का आता तुला. त्या महिन्यात वडील प्रभुभोजनाला उठले.

पुणे, आयटी

जालना, पटलं. फक्त एक फरक. मला तो आवाज काय परत करायचं ते कधीच सांगायचा नाही. तुमच्या वडिलांना गट नंबर माहीत होता.

जालना

दोन गट होते. एकाचा फेरफार अजून व्हायचाय, तलाठी रजेवर आहे.