मदत हवी आहे: मिरामारला १० किमी ६२:१५, दोष गर्दीचा की माझा?

नमस्कार मंडळी. मी डिचोलीचा, नोकरी पणजीत. डिसेंबरात मिरामारला १० किमीची एक शर्यत धावलो. नाव मुद्दाम देत नाही, भांडण आयोजकांशी नाही (थोडं आहे, पुढे येईलच).

चिप टाइम (मी सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनचा) ६२:१५, गन टाइम (शर्यत सुटल्यापासूनचा) ६५:४०. घड्याळ म्हणतं अंतर १०.२७ किमी. त्याआधी पणजी-रायबंदर रस्त्यावर पहाटे एकटा धावलो तेव्हा १० किमी ५७:५० मध्ये झाले होते, म्हणजे किमीला ५:४७ चा पेस. साठच्या आत येणार असं घरी सांगूनसुद्धा टाकलं होतं, त्यामुळे आता रोज चहाबरोबर टोमणे.

घड्याळातले स्प्लिट, किमीप्रमाणे: ६:५८, ६:२१, ५:४४, ५:३८, ५:४१, ५:४९, ५:५८, ६:१२, ६:२०, ६:०५ आणि उरलेल्या २७० मीटरला १:२९.

मार्ग असा: मिरामार सर्कलहून कांपालपर्यंत, तिथून वळून परत मिरामार, मग करंजाळेमार्गे दोना पावला आणि परत. बांदोडकर मार्गाची एकच बाजू आम्हाला दिलेली, त्यात जाणारे-येणारे दोन्ही. ५ किमीची फन रनवाली मंडळी आमच्या पुढ्यातच सोडली होती. पाच-पाच जण हातात हात घालून चालतायत, कुणी मध्येच थांबून सेल्फी घेतंय, पाण्याच्या टेबलाजवळ तर जत्राच. पहिले दोन किमी मी धावलो कमी आणि ‘एक्सक्यूज मी’ जास्त म्हटलं.

आता प्रश्न. ५७:५० आणि ६२:१५ यांतल्या ४ मिनिटं २५ सेकंदांपैकी गर्दीच्या खात्यावर किती टाकायची? आणि खरी अडचण पुढची आहे. येत्या मोसमात एका मोठ्या शर्यतीत हाफ मॅरेथॉन (२१ किमी) करायचीय. तिथे टायमिंग सर्टिफिकेट बघून उभं करतात, वेगवान लोक पुढे. रायबंदरचे ५७:५० फक्त माझ्या घड्याळाला माहीत, कागदावर ६२:१५. मागे उभा राहिलो म्हणून वेळ गेला, आणि वेळ गेला म्हणून पुन्हा मागेच उभं राहायचं. यातून बाहेर कसं पडायचं?

प्रतिसाद १

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पहिल्या दोन किमीत तुमचे १ मिनिट ४५ सेकंद गेले, ते गर्दीचे, मान्य. पण तिथे तुम्ही हळू होतात म्हणजे दम शिल्लक राहायला हवा होता. मग ७ ते १० या चार किमीत अजून जवळजवळ दीड मिनिट कुठे गेलं? तोवर ५ किमीवाले घरी जाऊन नाश्ता करत असतील. करंजाळे सोडल्यावर एनआयओ (समुद्रविज्ञान संस्था) सर्कलकडे चढ लागतो, तुमचा सहावा-सातवा किमी तोच. रायबंदरचा रस्ता मांडवीला लागून, सपाट. शिवाय तिथे तुम्ही पहाटे धावलात, इथे शेवटचे किमी उजाडल्यावर. डिसेंबर असला तरी किनाऱ्यावरची हवा दमट, घाम वाळत नाही आणि अंग तापत जातं. माझ्या मते तुलनाच चुकीची आहे. त्या दिवशी, त्या मार्गावर, मोकळ्या रस्त्यातसुद्धा तुम्ही साठच्या आसपासच आला असता.

प्रतिसाद २

त्या २७० मीटरबद्दल. सगळे म्हणतात ‘झिगझॅग केलं म्हणून अंतर वाढलं’. हिशेब करून बघा. समोरच्याला टाळायला १५ मीटर पुढे जाताना तुम्ही ३ मीटर बाजूला सरकलात, तर जादा अंतर फक्त ३० सेंटीमीटर. परत आपल्या ओळीत आलात तर आणखी तेवढंच. शंभर जणांना असं ओलांडलं तरी ६० मीटर. बाकीचं वळणं बाहेरून घेतल्यामुळे, आणि बरंचसं जीपीएसच्या चुकीमुळे. रस्ता प्रमाणित असेल तर तो कॅलिब्रेट केलेल्या (आधी मापाशी ताडून घेतलेल्या) सायकलने, धावता येईल अशा सर्वांत जवळच्या रेषेने मोजतात आणि कमी भरू नये म्हणून हजारात एक भाग वाढवतात. म्हणजे १० किमीला १० मीटर. तुमची शर्यत तशी प्रमाणित होती का, हे आयोजकांना विचारा. नसेल तर १०.२७ वर आपण इथे उगाच डोकं फोडतोय.

धागाकर्ता

प्रमाणित असल्याचं कुठे लिहिलेलं दिसलं नाही. प्रतिसाद १, राग नाही, पण एक आकडा द्यायचा राहिला होता. तिसऱ्या किमीत हृदयाचे ठोके १७८ वर गेले. रायबंदरला तेवढे शेवटच्या किमीत दिसले होते. दम शिल्लक होता असं मला तरी वाटत नाही.

प्रतिसाद ३

बाब, हेच विचारणार होतो. तिसऱ्या किमीची सरासरी ५:४४ दिसते, पण स्ट्रावा ॲपवर त्या किमीचा पेसचा आलेख उघडा. पैज लावतो, करवतीसारखा असेल. फट दिसली की ४:५० ने सुटायचं, समोर पाठ आली की ब्रेक, पुन्हा सुटायचं. एकसारखं धावण्यापेक्षा हे कितीतरी महाग पडतं. वर कांपालला गेलेला वेळ तुम्ही लगेच वसूल करायला निघालात, तो चौथ्या किमीचा ५:३८ सांगतोच आहे. वसुलीचे मिळाले १८ सेकंद, आणि बिल आलं शेवटच्या चार किमीत. म्हणून प्रतिसाद १ चा चढ आणि दमट हवा खरी, पण ‘गर्दीत विश्रांती मिळाली’ हे नाही पटलं.

आता सर्टिफिकेटचं. छोटी शर्यत शोधा, जिथे १० किमीला दोन-तीनशेच माणसं असतात. चिप टायमिंग आहे ना, एवढं फक्त बिब (छातीवरचा नंबर) घेण्याआधी विचारा; काही ठिकाणी नुसतं मेडल गळ्यात घालतात आणि सर्टिफिकेटवर वेळच नसते. मोठ्या शर्यतीत मागचा गट मिळाला तरी त्या गटात अगदी पुढे उभे राहा, त्यासाठी अर्धा-पाऊण तास आधी आत शिरावं लागतं. बक्षिसं बहुधा गन टाइमवर ठरतात, ती आपल्याला कुठे मिळणार आहेत? आपला हिशेब चिपचा, आणि चिपचं घड्याळ तुम्ही सुरुवातीच्या रेषेवरच्या मॅटवर पाय ठेवल्यावर सुरू होतं.

प्रतिसाद १

मग सरळ सगळे जाईपर्यंत थांबायचं आणि शेवटी मॅटवर जायचं. चिपला काय फरक पडतो?

प्रतिसाद ३

चिपला नाही पडत, पण चालणारे सगळे पुढ्यात येतात. मिरामारचा पहिला किमी पुन्हा तसाच. रस्ता रुंद असेल आणि माणसं कमी असतील तरच करून बघा. हाफला पहिले दोन-तीन किमी जातील तसे जाऊ द्या, उरलेल्या अठरा किमीत तेवढे सेकंद हळूहळू वाटून घेता येतात. १० किमीला तेवढी जागा नसते.

धागाकर्ता

आलेख उघडला. करवतच आहे. कांपालला वळल्यानंतर तर दात मोजता येतील.

फोंडा किंवा म्हापशाकडे फेब्रुवारीच्या आत चिपवाली छोटी १० किमी कुणाला माहीत असेल तर कृपया इथेच सांगा. आणि रविवारी पहाटे करंजाळे ते दोना पावला चढाचा सराव करणारं कोणी असेल तर मी येतो, डिचोलीहून निघायला मला पाच वाजतील.