बार्सेलोनेटा "वगळा" म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

गिरगावकरीण

बार्सेलोनेटा म्हणजे बार्सेलोनाची समुद्रकाठची जुनी कोळी-कामगार वस्ती. बार्सेलोनाच्या धाग्यावर प्रवासीपक्षी यांनी लिहिलंय : "बार्सेलोनेटा वगळा. वाळूत पाय ठेवायला जागा नाही, पाकीटमार, खुराड्यासारखी घरं, गॅलरीत वाळत घातलेले कपडे, पाएल्याच्या नावाखाली पिवळा भात. फोटोपुरता अर्धा तास बास." त्याखाली चार-पाच जणांनी "धन्यवाद, यादीतून काढलं" असंही टाकलं. मला ते वाचून राग आला, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

पक्षीसाहेब, तुम्ही ऑगस्टमध्ये भर दुपारी गेलात. पिवळ्या लाइनच्या मेट्रोतून उतरलात, जुआन दे बोर्बोच्या रुंद रस्त्याने सरळ पाण्याकडे चालत सुटलात आणि वाटेत ज्या हॉटेलाबाहेर फोटोवाला मेनू लावला होता तिथे बसलात. डावीकडच्या एकाही गल्लीत शिरला नाहीत. म्हणजे वस्ती तुम्ही पाहिलीच नाही, फक्त तिची कड पाहिलीत.

ही गल्लीबोळं उगाच अरुंद नाहीत. १७१४ मध्ये बार्सेलोना पडलं. मग ते जिंकणाऱ्या स्पेनच्या राजाने, पाचव्या फेलिपेने, शहरावर वचक ठेवायला किल्ला बांधला आणि त्यासाठी ला रिबेरा या जुन्या वस्तीतली घरंच्या घरं पाडली. बेघर झालेल्यांसाठी, कोळ्यांसाठी, गोदीतल्या कामगारांसाठी १७५३ पासून या वाळूच्या पट्ट्यावर लष्करी अभियंत्यांनी सरळ रेषेत आखलेली ही वस्ती. घरं मुळात दुमजली. लोक वाढले तसे वर मजले चढले आणि एकेका घराचे चार तुकडे झाले. त्याला तिथे 'क्वार्ट दे काझा' म्हणतात, पाव घर. साधारण तीस चौरस मीटर, म्हणजे सव्वातीनशे चौरस फूट. त्यात पिढ्या वाढल्या. मी ठाकुरद्वारच्या चाळीत दोन खणांत वाढले. त्यामुळे कुणी 'खुराडं' म्हटलं की मला लागतं, आणि ते लागायलाच हवं.

सकाळी आठला जा. बाजाराच्या इमारतीसमोरच्या चौकात बाकांवर म्हाताऱ्या बसलेल्या असतात, पिशवीतून कोथिंबिरीसारखी अजमोदाची जुडी डोकावत असते. ला कोवा फुमादा नावाची १९४४ पासूनची खानावळ आहे, दारावर पाटीसुद्धा नाही. 'बोंबा' तिथलाच : बटाट्याच्या गोळ्यात खिमा, तळून वर लसणीचं आयोली आणि तिखट सॉस. उभ्याने खाल्लात तरी चालतं. हे अर्ध्या तासात होत नाही.

प्रवासीपक्षी

मी जे लिहिलं त्यातलं एक अक्षर मागे घेणार नाही.

तुम्ही एकट्या गेलात. मी दोन लहान मुलं आणि बायकोला घेऊन गेलो होतो. मुलगा वाळूत खेळत होता, मी दर दोन मिनिटांनी "सर्वेसा, बीअर", "मोहितो", "मसाज" याला नाही म्हणत होतो. तेवढ्यात टॉवेलखालची पिशवी गेली. पासपोर्ट, बायकोचा फोन, मुलीच्या दम्याचं औषध, सगळं. पुढचा दिवस पोलीस चौकीत तक्रार लिहिण्यात आणि फार्मसी शोधण्यात गेला. मुलीला रात्रभर धाप लागत होती. मला १७५३ सालच्या आखणीचं काय करायचंय?

सह्याद्रीकाका

पक्षींना अनुमोदन. मी ज्येष्ठ नागरिकांचे ग्रुप नेतो, सत्तरीच्या पुढची मंडळी. आमच्याकडे दुपारचे दोन तास असतात, सग्रादा फामिलिया झाल्यावर आणि मोंजुइक चढण्याआधी. तेवढ्यात स्वच्छतागृह, सावली, बसायला जागा, सगळ्यांचे पाय पाण्यात. गल्ल्यांमध्ये पंचवीस माणसं शिरली की निम्मी हरवतात. आठ वाजता या म्हणणं सोपं आहे. आमचा नाश्ताच साडेआठला असतो.

गिरगावकरीण

पक्षीसाहेब, मुलीच्या औषधाचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण चोर त्या वस्तीतले नाहीत. ते तुमच्या-आमच्यासारख्यांच्या मागे येतात. तिथले रहिवासीही त्यांना तितकेच वैतागलेत.

काका, पंचवीस जणांना गल्लीत नेऊच नका. सां मिकेल देल पोर्तच्या चर्चसमोर चौक आहे, १७५५ चं चर्च. तिथे बसवा. तुम्ही त्यांना अख्ख्या वस्तीतला सगळ्यात गजबजलेला रस्ता दाखवता आणि परत येऊन ती मंडळी म्हणतात, काही नाही तिथे.

आईसोबत

एक माहिती टाकून जाते, भांडणात पडत नाही. आई चाकाच्या खुर्चीवर असते. ऑलिम्पिक बंदराच्या पलीकडे नोव्हा इकारिया किनारा आहे. उन्हाळ्यात तिथे पालिकेचे मदतनीस असतात, पाण्यात जाणारी खास खुर्ची असते, वाळूवर लाकडी वाट असते. दोन मुलींनी आईला धरून समुद्रात नेलं. आई मालवणची, गुडघे गेल्यापासून समुद्रात उतरली नव्हती. ती ओरडत होती, "आणखी आत न्या गो!" त्या मुलींना एक शब्द कळत नव्हता, पण त्यांनी नेलं. बार्सेलोनेटाहून किनाऱ्याच्या सपाट रस्त्याने ढकलत गेलो, कुठेही अडलं नाही.

शाकाहारी_भटका

बोंबात खिमा, बाकी सगळं मासळी. आमच्यासारख्यांनी काय खायचं? दर युरोप धाग्यात हेच.

गिरगावकरीण

एस्कालिवादा मागा, भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची, वर ऑलिव्ह तेल. वर मासा घालू नका म्हणून आधीच सांगा, कधीकधी खारवलेले अँचोव्ही घालतात. पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या. टोमॅटो चोळलेला पाव. अंडं खात असाल तर बटाट्याचं ऑम्लेट. पोट भरतं.

स्थलांतरित

मी बार्सेलोनातच नोकरी करते, पोब्लेनोउमध्ये राहते. धागाकर्तीताई, तुमचं वर्णन सुंदर आहे, खरंही आहे. एकच विचारते : तुम्ही राहिलात कुठे?

गिरगावकरीण

सां कार्लेस रस्त्याजवळ, एका छोट्या फ्लॅटमध्ये. ऑनलाइन घेतला होता. परवाना असलेला. दारावर नंबर होता, मी आधी तपासला होता.

स्थलांतरित

तेच वाटलं होतं. मग ऐका.

माझी एक सहकारी त्याच वस्तीत जन्मली. तिची आई चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्या घरांत लिफ्ट बसवायची योजना पालिकेने २००७ च्या सुमारास आणली होती. पण लिफ्टला जागा करायची तर काही घरं जाणार, म्हणून लोकांनीच विरोध केला, कारण गेलेलं घर परत त्याच वस्तीत मिळेल यावर कुणाचा विश्वास नव्हता. तर या बाईंच्या खालचा आणि वरचा, दोन्ही फ्लॅट पर्यटकांना. रात्री दोनला ट्रॉली बॅगा पायरी-पायरीवर आपटत वर जातात. मी तिथे राहिले आहे एक रात्र, तो आवाज भिंतीतून येतो. दर तीन-चार दिवसांनी नवीन माणसं, दर वेळी कुणीतरी चुकून त्यांच्याच दारात किल्ली घालून बघतं. शेजारीण वारली तर कळवायला जिन्यात ओळखीचं कुणी उरलेलं नव्हतं.

ऑगस्ट २०१४ मध्ये तीन इटालियन पर्यटक भर दिवसा नागवे त्या गल्ल्यांतून फिरले, दुकानात शिरले. त्याचे फोटो छापून आले आणि अख्खी वस्ती रस्त्यावर उतरली. मागणी एकच होती, बेकायदा पर्यटक-फ्लॅट बंद करा. आजही गॅलरीत कपड्यांच्या शेजारी निळे-पिवळे झेंडे असतात. तो वस्तीचा झेंडा. तुम्ही पाहिला असेल.

पक्षींनी दोन तास गर्दी केली आणि निघून गेले. तुम्ही कुणाचं तरी घर व्यापलंत.

गिरगावकरीण

हे फार झालं. मी रात्री दोनला बॅगा आपटल्या नाहीत. मी बाजारातून भाजी घेतली, समोरच्या आजींची पिशवी वर नेऊन दिली, कोपऱ्यावरच्या दुकानातून रोज पाव घेतला. मोठ्या हॉटेलात राहिले असते तर ते पैसे कुठे गेले असते? परवाना सरकारनेच दिलाय ना?

मध्यममार्गी

बरोबर बोललात. माझा कांदोळीला एक फ्लॅट आहे. निवृत्तीची सगळी पुंजी त्यात. सुट्टीला आठवड्याने भाड्याने देतो, त्यावरच हप्ता निघतो. मी काय गुन्हेगार आहे? स्वतःच्या मालकीची जागा कुणाला द्यायची हे शेजाऱ्याला विचारायचं का?

बार्देसकार

हो, विचारायचं! आमच्या वाड्यावर मागच्या काही वर्षांत ओळीने व्हिला झाल्या. मालक दिल्लीचे, बंगळूरचे, पुण्याचे. प्रत्येकात पोहायचा तलाव. एप्रिल आला की आमच्या विहिरीचं पाणी तळाला. टँकर रात्री अकराला येतो, अरुंद रस्त्यावर उभा राहतो, आणि माझ्या वडिलांना दवाखान्यात न्यायचं तर आधी त्याला मागे घ्यावं लागतं. भाड्याने घर शोधणारा आमचा शाळामास्तर म्हापशाहून रोज दुचाकीने येतो, कारण गावात कुणी वर्षाच्या करारावर जागा देतच नाही. तुमचा हप्ता निघतो, आमचा गाव निघून चाललाय.

मध्यममार्गी

माझ्या फ्लॅटला तलाव नाही. आणि जमीन विकली कुणी? तुमच्याच गाववाल्यांनी, चांगला भाव घेऊन. आता रडायचं?

बार्देसकार

ज्यांनी विकली ते गावात राहत नाहीत. जे राहतात ते रडतात. तुम्ही एकदा मे महिन्यात या, रांगेत घागर घेऊन उभे राहा, मग बोलू.

शाकाहारी_भटका

अवांतर होतंय. मूळ विषय बार्सेलोनेटा.

स्थलांतरित

अवांतर नाही हो, हाच मूळ विषय आहे.

मध्यममार्गी, शेजाऱ्याला विचारायचं का, याचं उत्तर बार्सेलोनाने देऊन टाकलंय. जून २०२४ मध्ये महापौर कोल्बोनी यांनी जाहीर केलं की शहरातले १०,१०१ पर्यटक-फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू ठेवणार नाहीत. मालक न्यायालयात गेले, पण ज्या कॅटलन कायद्याच्या आधारे हे होतंय तो स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने २०२५ मध्ये उचलून धरला. म्हणजे धागाकर्तीताईंनी तपासलेला तो दारावरचा नंबरही जाणार. परवाना होता म्हणून शेजाऱ्यांना त्रास नव्हता, असं होत नाही.

सह्याद्रीकाका

आणि जुलै २०२४ मध्ये हॉटेलांबाहेर जेवत बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या ते? माझ्या ग्रुपमधल्या एका आजींनी ती बातमी पाहून बुकिंग रद्द केलं. पाहुण्याशी असं वागतात? पर्यटनावरच चालतं ना ते शहर?

स्थलांतरित

पिचकाऱ्या मलाही आवडल्या नाहीत. टेबलावरचा माणूस कायदा करत नाही. पण काका, पाहुणा म्हणजे ज्याला घरच्यांनी बोलावलंय तो. या लोकांना कुणी विचारलंच नाही. १९९२ च्या ऑलिम्पिकसाठी किनारा नव्याने घडवला, वाळू आणून ओतली. वाळूवरच्या जुन्या खानावळी पाडल्या, जिथे कामगार रविवारी सहकुटुंब जेवायचे. त्यांची आठवण म्हणून रेबेका हॉर्न यांचं शिल्प उभं केलं, एकावर एक वाकडे रचलेले लोखंडी डबे. लोक त्याच्यासमोर सेल्फी काढतात, पण ते कशाचं आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्याही आधी, १९६६ मध्ये, शेजारची सोमोरोस्त्रोची झोपडपट्टी हटवली. फ्लामेंको नर्तकी कार्मेन आमाया तिथलीच. वस्तीत तिच्या नावाचं कारंजं आहे.

प्रवासीपक्षी

म्हणजे शेवटी काय? मी दोन तास जाऊन आलो तर वस्ती पाहिली नाही. ताई राहिल्या तर त्यांनी घर बळकावलं. काकांचा ग्रुप म्हणजे गर्दी. मग जायचंच नाही असं सरळ सांगा. माझा सल्ला तोच होता!

स्थलांतरित

तुम्ही रागाने बोलताय, पण निष्कर्ष अर्धा बरोबर आहे. झोपायला दुसरीकडे जा. एशाम्प्लेत रीतसर हॉटेलं आहेत, बस-मेट्रोने सहज येता येतं. सकाळी या, गल्लीत जेवा, बाजारात खरेदी करा, सप्टेंबरअखेरीस वस्तीचा उत्सव असतो तेव्हा या. जनरल बुम बुम नावाचं पात्र तोफ घेऊन फिरतं आणि तोफेतून पोरांवर गोळ्या-चॉकलेटं उडवतं. रात्री परत जा. एवढंच.

गिरगावकरीण

गिरगावात आमच्या चाळीचा टॉवर झाला. समोरचे शिंदे, खालच्या काकू, सगळे विरार-बदलापूरला गेले. त्यामुळे जिन्यात ओळखीचं कुणी नाही हे वाक्य मला खोडता येत नाही, स्थलांतरित. पुढच्या वेळी वस्तीत राहणार नाही. पण "वगळा" हे मला आजही मान्य नाही, आणि ते खुराडं म्हणणं तर मुळीच नाही. पक्षीसाहेब, तेवढा शब्द मूळ प्रतिसादातून काढा.

प्रवासीपक्षी

शब्द काढला. बाकी तसंच आहे. वाळूत पिशवी ठेवू नका, हे ठळक केलं.

मध्यममार्गी

कांदोळीबद्दल वेगळा धागा काढतोय. बार्देसकार, तिथे या.

बार्देसकार

येतो. टँकरचा फोटो घेऊन येतो.

सह्याद्रीकाका

आईसोबत, त्या पाण्यातल्या खुर्चीसाठी आधी नाव नोंदवावं लागतं का? माझ्या पुढच्या ग्रुपमध्ये दोन जण वॉकरवाले आहेत. सग्रादा फामिलियानंतरचा मोंजुइकचा कार्यक्रम काढून टाकायची माझी तयारी आहे.

आईसोबत

आम्ही थेट गेलो होतो, जूनमध्ये, सकाळी लवकर. तुम्ही दोघांना नेणार असाल तर निघण्याआधी पालिकेकडून दिवस आणि वेळ विचारून घ्या. ती सेवा फक्त उन्हाळ्यात असते. आणि दुपारी नेऊ नका काका, ऊन सोसत नाही आणि वाळू तापते.